नोकरी बदललेल्या भगिनींचा मातृत्वाचा हक्क
(मंडळाच्या इगतपुरी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हास आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एखादा शैक्षणिक विषय घ्यावा असा आमचा प्रथम विचार होता. तथापि काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी जे घडले, ते आपणापुढे मांडणे अधिक अगत्याचे वाटले. त्यात आमच्या अज्ञानाची कबुली आहे. परंतु आपल्याच माणसांपुढे कबुली देण्यात संकोच तो कसला?

आमची धाकटी सून सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करीत असे. इगतपुरीहून रोजची ये-जा झेपेना, म्हणून तिने गोंद्याकडील एका कारखान्यात नोकरी धरली. जुलैच्या पहिल्या तारखेस ती रुजू झाली. प्रसूतीची अपेक्षित तारीख जानेवारीच्या मध्यावर होती. ऑक्टोबरअखेरीस तिने रजेची गोष्ट काढली, तेव्हा कचेरीतून उत्तर मिळाले की वर्ष भरल्याशिवाय बाळंतपणाची रजा मिळत नाही. आम्ही कागद पाहिले नाहीत, कोणास विचारले नाही. "सूनबाई, नव्या ठिकाणी वाद कशाला? राजीनामा दे आणि मोकळी हो," असे आम्हीच म्हणालो, एवढेच नव्हे, तर राजीनाम्याचा मसुदाही आम्हीच लिहून दिला. पुढे नातू सुखरूप घरी आला. परंतु बारशास आलेल्या एका वकील स्नेह्यांनी विचारपूस केली आणि सांगितले, की मुलीचा हक्क पूर्ण होता. कायद्यात वर्षाची अट नव्हतीच; अट ८० दिवसांची होती, आणि तिचे कामाचे दिवस शंभराच्या घरात गेले होते. भरपगारी रजा आणि नोकरी, दोन्ही आमच्या एका मसुद्याने गेली. तिने आम्हास एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून तर ते शल्य अधिक बोचते.

हा हक्क कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ साली सर्व देशासाठी कायदा आला. त्यात आरंभी १६० दिवसांच्या कामाची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आणली. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली असून, ८० दिवस व २६ आठवडे ही दोन्ही सूत्रे तिच्यातही कायम आहेत. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास मात्र रजा १२ आठवड्यांची मिळते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. नोकरी बदललेल्या स्त्रीने स्वतःस एक प्रश्न विचारावा: आपला लाभ मालकाकडून येणार, की कर्मचारी राज्य विमा योजनेतून? दोहोंचे नियम भिन्न आहेत.

लाभ मालकाकडून येणार असेल, तर अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असले पाहिजे. जुन्या मालकाकडील दिवस येथे जोडता येत नाहीत. म्हणून गरोदरपणी नोकरी बदलण्याचा विचार असेल, तर राजीनाम्यापूर्वी दिनदर्शिका समोर ठेवून दिवस मोजावेत. मात्र रुजू होताना ती गरोदर होती, एवढ्यावरून हक्क जात नाही. आणि वर्ष भरण्याचीही गरज नाही. हा नियम कारखान्यांस लागू आहे, तसाच दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या दुकानांस व आस्थापनांसही लागू आहे.

विमा योजनेचे तसे नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, योजनेत नोंदलेल्या स्त्रीस लाभ विमा महामंडळ देते. तेथे लगतच्या दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी, असा नियम चालत आला आहे. एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणीकाळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. समजा, प्रसूती फेब्रुवारीत आहे. तर मागील सप्टेंबरअखेर संपलेला आणि त्याच्या आधीचा असे दोन काळ पाहिले जातात. त्या काळात मालक एक होता की दोन, याने फरक पडत नाही. म्हणून नव्या ठिकाणी जुनाच विमा क्रमांक द्यावा. दुसरा क्रमांक काढू देऊ नये.

इगतपुरीकरांस हे समजावयास कठीण नाही. पूर्वी आपल्या स्थानकात गाड्यांचे इंजिन बदलत असे. इंजिन बदलले म्हणून उतारूचे तिकीट बाद होत नसे. विमा योजनेचे तिकीट तसे आहे. मालकाकडील हक्काचे तिकीट मात्र नव्या गाडीत नव्याने काढावे लागते, आणि त्याचे मोल ८० दिवस आहे.

ठेकेदारामार्फत किंवा मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या भगिनींनीही निराश होऊ नये. करारावरील एका महिला डॉक्टरांच्या प्रकरणात, कराराची मुदत संपली तरी मातृत्वाचा लाभ तुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आहे.

नेमणूकपत्र, वेतनपावत्या, हजेरीचा दाखला आणि डॉक्टरांचा तारखेचा दाखला एका पिशवीत जपून ठेवा. रजेची सूचना लेखी द्या व तिच्या प्रतीवर पोच घ्या. सूचना आधी देता आली नाही, तर प्रसूतीनंतरही देता येते. प्रसूतीपूर्व काळाचे वेतन आगाऊ मिळावयाचे असते. या रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. तोंडी नकार मिळाल्यास तो लेखी मागा. आणि तरीही दाद लागली नाही, तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे अर्ज करा. ज्या भगिनींस नोकरीतून असा लाभ नाही, त्यांनी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेसाठी अंगणवाडीत चौकशी करावी. पहिल्या अपत्यासाठी तीत ५,००० रुपये मिळतात.

शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांस एक विनंती. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीस मागून जादा इंजिने लावतात. ती लोटतात म्हणून गाडी वर येते. सुनेच्या, लेकीच्या अवघड चढणीवर आपण मागून लोटावयाचे की पुढे उभे राहून गाडी थांबवावयाची, याचा विचार प्रत्येकाने करावा. आम्ही गाडी थांबविली. तो मसुदा लिहिण्यास आम्हास दहा मिनिटे लागली होती. तेवढ्या वेळात तिचे ८० दिवस मोजून झाले असते. आपल्या घरी असा प्रसंग येईल, तेव्हा लेखणी उचलण्याआधी दिवस मोजावेत, एवढेच मागणे.