रुग्णाशेजारी बसणाऱ्याची नोंद



 1926 साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने याच लखनौ शहरात संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. घराण्यांच्या तालमीत जपलेल्या विद्येला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली. आपल्या परिषदेचा विषयही तोच आहे, कारण रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञाची विद्या अजून पुष्कळशी तालमीवरच चालते.

उत्तर प्रदेशात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सप्टेंबर 2012 मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात 26 जानेवारी 2014 रोजी. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर बसवला. इथे उत्तर प्रदेशात ती जबाबदारी ईएमटीवर, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनवर आहे. हरदोई रस्त्यावर अपघात झाला, तर किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या (केजीएमयू) ट्रॉमा सेंटरपर्यंत रक्तस्राव थोपवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, मानेला धक्का न लावता रुग्णाला उचलणे, हे सारे त्या एका माणसाच्या हातात असते. गाडीला एआयएस-125 चे मानक आहे, पायलटला, म्हणजे चालकाला, लायसन्स लागते. मागे रुग्णाशेजारी बसलेल्याचे नाव कोणत्या नोंदवहीत शोधायचे?

2021 च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय परिशिष्टात घेतला. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे शिक्षण ठरवले. राज्यांनी सहा महिन्यांत नोंदणीसाठी परिषदा (कौन्सिल) स्थापायच्या होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नव्याने मुदत घालून द्यावी लागली.

माझे मत स्पष्ट सांगतो. नोंदणी हवीच, पण वर्षानुवर्षे 108 वर राबलेल्या मुलामुलींना बाहेर काढण्यासाठी ती वापरली जाऊ नये. कोविडच्या लाटांत पीपीई चढवून घरोघरी गेली ती हीच मुले. त्यांच्यासाठी पूरक अभ्यासक्रम काढा, प्रत्यक्ष कामाची परीक्षा घ्या आणि मग नोंदणी द्या. लखनौची नोंदणी नागपुरातही चालली पाहिजे. शिवाय नोंदणीबरोबर अधिकार लिहून द्या: कोणते औषध ईएमटीने स्वतः द्यायचे, कशासाठी डॉक्टरला फोन लावायचा. हे कागदावर नसेल, तर रुग्ण दगावल्यावर सगळा दोष त्याच्याच माथी येतो.

उद्या दुपारी या अधिकारांचा मसुदा करायला बसायचे आहे. ईएमटींनी कृपया पुढच्या रांगेत बसावे. पहिला खर्डा आम्हाला त्यांच्याच हातचा हवा आहे.