जुन्या मोटारसायकलची बॅटरी

रात्री बागमांडल्याच्या रस्त्याला दिवा गेला की मग बॅटरीची आठवण होते! हरिहरेश्वरच्या खाऱ्या वाऱ्यात तिची टोके लवकर हिरवी-पांढरी होतात. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसा, व्हॅसलीन लावा. सोडा मात्र आत जाऊ देऊ नका.

जुनी राजदूत ६ व्होल्टची. तिला १२ व्होल्टची बॅटरी बसवाल तर दिवे जातील.

पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे नको, आणि ॲसिड तर मुळीच नको. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते.

पावसाळ्यात गाडी पडवीत उभी असली तर बॅटरी काढून ठेवा. आधी निगेटिव्ह वायर सोडा. महिन्याने चार्ज करा. ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे. त्या वेळी जवळ बिडी नको, निघणारा वायू पेट घेतो.