लिहिल्यानंतरचे टाचण



निबंध लिहिण्यापूर्वी मुद्द्यांचे टाचण करावे, हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. माझे शिक्षण शाळेबाहेरचे. युनियनच्या कचेरीत अर्ज आणि निवेदने लिहिता लिहिता झालेले. माझे सांगणे असे की, आणखी एक टाचण लिहून झाल्यावर करावयाचे असते, आणि तेच अधिक उपयोगी पडते.

रीत अगदी साधी आहे. पुरा झालेला निबंध समोर घ्यावा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यावा आणि तो काय सांगतो ते एका वाक्यात दुसऱ्या कागदावर उतरावे. आपल्या मनात काय होते ते लिहू नये. कागदावर जे आहे तेवढेच लिहावे. मग निबंध बाजूला ठेवून नुसती ती वाक्ये वाचावी.

समजा, एका बदली कामगाराने आपल्या रोजगाराच्या अनिश्चिततेवर आठ परिच्छेद लिहिले. टाचणात दुसरे आणि सहावे वाक्य एकच निघाले, तर त्यांतला एक परिच्छेद गाळावा. चौथ्याचे सार एका वाक्यात मावेना, तर तेथे दोन मुद्दे कोंबले आहेत असे समजावे. मागणी तिसऱ्यात आणि तिचे कारण सातव्यात असेल, तर वाचणारा मधले तीन परिच्छेद चाचपडत राहतो. आणि कारण कोठेच नसेल तर? लिहिताना आपला संताप ती फट बुजवून टाकतो. समोरच्या वकिलाला मात्र ती पहिल्या वाचनातच दिसते. ती आपणच आधी का पाहू नये?

एक जुना दाखला देतो. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातील मागण्यांचे टाचण करून पाहा. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद. पहिल्या तीन मागण्या वेळेच्या, चौथी पैशाची, पाचवी देहाची. एक दुसरीत मिसळत नाही. रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती 1890 साली. सहा सहा वर्षे लावून धरावयाची मागणी अशी एका वाक्यात मावणारीच असावी लागते.

टाचणात विशेषणे टिकत नाहीत. ‘अमानुष’, ‘जुलमी’ हे शब्द गळून पडतात. ‘15 तारीख’ शिल्लक राहते. म्हणून ते शब्द लिहूच नयेत असे माझे म्हणणे नाही. अन्याय सोसणाऱ्याने तो अन्याय म्हणूनच सांगावा. पण त्या शब्दांखाली मुद्दा आहे की नाही, एवढे तपासून घ्यावे.

आपल्यापैकी जे लिहितात त्यांनी आपला सर्वांत आवडता निबंध काढून हे करून पाहावे. एखादे वेळी आवडत्या परिच्छेदापुढेच टाचणात लिहावयास काही सापडणार नाही. त्यावर रेघ मारण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्यानेच आणावे लागते.