मधल्या फळीतला माणूस



बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून आपण शिक्षक इथे जमलो आहोत. क्रीडा शिक्षकाची किंमत आपल्याकडे दोन गोष्टींवरून ठरते. तो स्वतः किती खेळला आणि त्याच्या शाळेचे मैदान केवढे. ही दोन्ही मापे खोटी आहेत, हे मला आज मांडायचे आहे. दाखला मात्र फुटबॉलचा घेतो. कबड्डी आणि खो-खोच्या मुलखात फुटबॉल कशाला, असे कुणाला वाटेल. पण फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील यांच्या कारकिर्दीत हा मुद्दा जितका लख्ख तपासून पाहता येतो, तितका इतरत्र क्वचितच येतो.

१९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेले जमील मुंबईच्या मैदानांवर मधल्या फळीत खेळले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र, शेवटी मुंबई एफसी. भारताची जर्सी मिळाली, पण दुखापतींनी खेळ लवकर आटोपता घ्यायला लावला. २००९ मध्ये मुंबई एफसीनेच त्यांना प्रशिक्षक केले. खर्चाला हात आखडता असलेला हा क्लब त्यांच्या हाताखाली सात वर्षे आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत टिकला, एकदाही खाली घसरला नाही. विजेतेपद नसल्यामुळे या सात वर्षांचे मोल फारसे कुणी केले नाही. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर फेकली गेली आणि आयझॉल विजेते ठरले. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग आहे.

आयझॉलची अवस्था काय होती, तेही पाहा. आदल्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याचे क्लब स्पर्धा सोडून गेले, म्हणून त्याला परत जागा मिळाली. जमील यांनी जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीतले गडी सोबत नेले, बाकी भिस्त स्थानिक पोरांवर. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना होता. बरोबरी पुरेशी होती, पण नवव्याच मिनिटाला गोल खाल्ला. तिकडे कोलकात्यात विजेतेपदाच्या शर्यतीतला मोहन बागान जिंकण्याच्या वाटेवर. अशा वेळी घाबरलेला संघ विस्कटतो. हा संघ विस्कटला नाही. ६७व्या मिनिटाला विल्यम ललनुनफेला याने बरोबरी साधली आणि आय-लीगचा चषक पहिल्यांदाच ईशान्येकडे गेला.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मिझोराममध्ये गल्लोगल्ली फुटबॉल खेळतात, मग श्रेय मातीचे की माणसाचे? माती आदल्या वर्षीही तीच होती, आणि तेव्हा तोच क्लब घसरला होता. दुसरा आक्षेप असा, की कोलकात्याच्या मोठ्या क्लबांत जमील फार काळ टिकले नाहीत. हे खरे आहे, आणि मला ते लपवायचे नाही. पण ईस्ट बंगालसोबत त्यांनी २०१७ ची कलकत्ता लीग जिंकली, पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) बाद फेरीत नेले; तिथवर पोचणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आले, आणि ऑक्टोबरमध्ये मडगावात आधी गोल करूनही सिंगापूरकडून २-१ हरले. त्यामुळे भारतासाठी आशिया चषकाचे दार बंद झाले. या पराभवाने मांडणी कोसळते, असे मला वाटत नाही. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात ते मोजके दिवस. जमील यांची ताकद आहे ती रोज त्याच पोरांसोबत राहून प्रत्येकाची नस ओळखण्यात.

हा एकाच माणसाचा योगायोग नाही. पुढे मँचेस्टर युनायटेडचे नामवंत प्रशिक्षक झालेले स्कॉटलंडचे अॅलेक्स फर्ग्युसन १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर या छोट्या क्लबाकडे गेले, तेव्हा हाती आठ खेळाडू होते आणि त्यात गोलरक्षक एकही नव्हता. त्यांचे शिक्षण तिथे सुरू झाले, मँचेस्टरमध्ये नव्हे.

आणि उदाहरणासाठी दूर जायलाही नको. आपल्याच बुलढाण्याचा प्रथमेश जावकर याने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या अव्वल तिरंदाजाला १४९-१४८ असे हरवले. बुलढाणा काही तिरंदाजीची राजधानी नव्हते. सराव करून घेणारे कुणीतरी रोज मैदानावर उभे राहिले, तेव्हा असा एका गुणाचा फरक पडतो. म्हणून मला साधनांच्या रडगाण्यापेक्षा वेळेची चोरी जास्त खुपते. ऐन स्पर्धांच्या महिन्यांत क्रीडा शिक्षकाला सर्वेक्षणाला, याद्यांना, परीक्षेच्या कामाला जुंपले जाते, आणि मुले आपापली धावत राहतात. सरावाच्या वेळेला हात लावू नये, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. लोणारच्या सरांनी आणि जळगाव जामोदच्या मॅडमनी त्यावर सारख्याच जोराने बोलावे.