गजराज, मिग आणि आपले बीदर
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सायंदेवांच्या कडगंचीत, बाप्पासमोर विमानांवर काय बोलणार, असे घरून निघताना सौभाग्यवतींनी विचारले. म्हटले, गजराजापासून सुरुवात करतो! आपल्या हवाई दलातल्या इल्युशिन-७६ या अवजड मालवाहू विमानाचे नाव गजराजच आहे. ते बनत असे ताश्कंदला. १९८५ साली हे विमान आपल्याकडे आले तेव्हा ताश्कंद सोव्हिएत संघात होते. डिसेंबर १९९१ मध्ये संघ मोडला आणि ताश्कंद उझबेकिस्तान नावाच्या वेगळ्या देशात गेले.

एकत्र घर फुटले की बैल एकाकडे जातो आणि गाडी दुसऱ्याकडे. तिथे तसेच झाले. जे विमान ज्या धावपट्टीवर उभे होते, ते बहुधा त्या देशाचे झाले. युक्रेनच्या वाट्याला अंतोनोव्हचा कारखाना आला. जॉर्जियाला तिबिलिसीतला सुखोई-२५ चा कारखाना मिळाला, म्हणून त्या चिमुकल्या देशाच्या हवाई दलाचा कणा तेच विमान झाले. कझाकस्तानच्या भूमीवर अणुबॉम्ब वाहणारी तुपोलेव्ह-९५ विमाने राहिली होती. ती रशियाला परत देऊन त्यांनी बदल्यात लढाऊ विमाने घेतली. विमाने सगळ्यांना मिळाली, पण सुटे भाग, दुरुस्ती आणि शिक्षण यांची घडी प्रत्येकाला नव्याने बसवावी लागली.

आपण त्या वाटणीतले भाऊबंद नव्हतो, पण आपला संसार त्याच घराच्या भांड्यांवर चालला होता. मिग-२१ आपल्याकडे १९६३ पासून. पुढे त्याचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला होऊ लागली. तरी कितीतरी भाग तिकडूनच यायचे. मी वैमानिक नव्हतो. पाना घेऊन विमानाखाली उभा राहणारा माणूस. एखादा छोटा भाग येईना म्हणून धडधाकट विमान हँगरमध्ये उभे, हे दृश्य त्या वर्षांत पाहिले आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरचा एक भाग सोलापुरात मिळत नाही म्हणून पेरणी अडते, तसेच.

अंतोनोव्ह-३२ चे उदाहरण घ्या. हे विमान युक्रेनचे, इंजिनही युक्रेनचेच. १०५ विमाने अद्ययावत करण्याचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला. काही विमाने तिकडे जायची, बाकीची कानपूरला व्हायची. मध्येच २०१४ आले, रशिया-युक्रेनचे बिनसले. दोघांचे भांडण आणि खोळंबा आपला!

लोक हवाई दल म्हटले की विमाने मोजतात. एका स्क्वाड्रनमध्ये सोळा-अठरा विमाने असतात, पण ती उडती ठेवणारे घर मागे असते. देखभालीचे मुख्यालय नागपूरला आहे आणि मिग-२९ ची मोठी दुरुस्ती ओझरला होते. सुखोई-३० प्रथम आले ते १९९७ मध्ये पुण्याच्या लोहगावला. प्रशिक्षणाचे मुख्यालय बंगळूरला, आणि त्याच्याच हाताखाली आपले बीदर.

बीदरची धावपट्टी १९४२ ची. तुम्ही-आम्ही झरणी नृसिंहाला जातो तेव्हा मान वर करून विमाने पाहतो आणि पुढे चालू लागतो. पण तिथे जे घडते, ते अनेक वर्षे आपल्याकडे घडतच नव्हते. किरण हे शिकाऊ विमान सावकाश उडणारे. मिग-२१ जमिनीला टेकते तेच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. या दोहोंमध्ये पायरीच नव्हती. विशीतला मुलगा किरणवरून उतरायचा आणि मिगवर चढायचा. मिगचे दोन आसनांचे विमान होते, पण त्यात मागे बसलेल्या गुरुजींना पुढची धावपट्टी पेरिस्कोपमधून पाहावी लागे. मधल्या पायरीसाठी खास जेट विमान घ्या, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बीदरला ती हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षे तुम्हीच मोजा.

त्या वर्षांत किती घरांत निरोप गेले! पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये मिग-२१ च्या अपघातात गेले. त्या अपघाताच्या कारणांत मी शिरत नाही. त्यांच्या आईने, कविताताई गाडगीळांनी, मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. वर्तमानपत्रांनी मिगला ‘उडती शवपेटी’ म्हटले. मला तो शब्द कधी रुचला नाही. त्याच विमानाने १९७१ ची लढाई लढली. यंत्र बोलत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारता येतो. उशिरा आलेला भाग आणि उशिरा झालेली सही यांचा फोटो कुठे छापून येत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने शेवटचे उड्डाण केले. जिथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तिथेच. बासष्ट वर्षे! त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसलो होतो. नातवाने विचारले, “आजोबा, आता तुमच्या पान्याचं काय?” पाना अजून माळ्यावर आहे.

बीदरची हॉक विमाने आणि सूर्यकिरणांची कसरत यांबद्दल मुलांचे प्रश्न असतील, हे मला ठाऊक आहे. पण आरतीची वेळ झाली. प्रसाद घेताना विचारा, मी इथेच आहे.