रक्तपट्टिकांची सजीवता : प्रयोगशाळेतील पारख



रक्तदानाचे महत्त्व सर्वांना विदित आहे. परंतु दात्याचे रक्त पिशवीत गेल्यावर त्यातील पेशी जिवंत राहतात काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट्स, यांच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

निरोगी मनुष्याच्या एका मायक्रोलीटर रक्तात साधारणतः १,५०,००० ते ४,५०,००० रक्तपट्टिका असतात. त्यांचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे. जखमेपाशी एकत्र येऊन रक्तस्राव थांबविणे हे त्यांचे कार्य. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णात त्यांची संख्या घटते. मग दात्याच्या रक्तपट्टिकांवरच त्याची भिस्त असते. पिशवीतील पेशी निर्जीव असतील, तर ते दान व्यर्थ जाते.

अमेरिकेतील स्कॉट मर्फी व फ्रँक गार्डनर यांनी १९६९ साली दाखवून दिले की, ४ अंश सेल्सिअसवर ठेवलेल्या रक्तपट्टिका रुग्णाच्या शरीरातून लवकर नाहीशा होतात. २२ अंशांवर ठेवलेल्या अधिक टिकतात. म्हणूनच त्या २० ते २४ अंशांवर, सतत मंद हालवत, सामान्यतः ५ दिवसच ठेवल्या जातात.

सर्वांत सोपी परीक्षा डोळ्यांनी होते. सजीव रक्तपट्टिका चपट्या तबकडीसारखी असते. पिशवी प्रकाशासमोर धरून हलकेच फिरविली की आत चमकदार लहरी दिसतात. पेशी बिघडून गोलाकार झाल्या की ही चमक लोपते. दुसरी परीक्षा आम्लतेची. पेशी साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते साचून पीएच ६.२ च्या खाली गेला की सजीवता नष्ट होते. पातळ द्रावणात फुगलेली पेशी पूर्ववत होते काय, हेही पाहतात. फ्लो सायटोमेट्री यंत्राने पी-सिलेक्टिन हे प्रथिन पृष्ठभागावर आले काय ते तपासतात. ते आल्यास पेशी अकाली उद्दीपित झाली असे समजतात.

तथापि अंतिम कसोटी शरीरातच लागते. संशोधनात इंडियम-१११ सारख्या किरणोत्सारी खुणेने पेशींचा माग काढतात. रुग्णालयात पिशवी चढविल्यावर १ तासाने व २४ तासांनी रुग्णातील संख्या मोजतात.

यातून एक व्यवहार्य बोध घ्यावा. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत रक्तपेढीतून पिशवी आणणारे नातेवाईक काळजीपोटी ती बर्फात ठेवू पाहतात. तसे करू नये. रक्तपेढीच्या सूचनेप्रमाणे ती विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावी. दात्याने दिलेले जिवंत दान रुग्णापर्यंत जिवंतच पोहोचले पाहिजे.