सही कोणाची?



दिवस गेलेली बाई दवाखान्यात आली, की टेबलापलीकडून बहुतेकदा पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण आलंय?’ प्रश्न काळजीचाच असतो. पण मग सोनोग्राफीपासून सिझरपर्यंतचं सगळं बोलणं त्या सोबतच्या माणसाशीच होत जातं. नवरा मान डोलावतो, सासूबाई शंका विचारतात, आणि जिच्या पोटाचा विषय, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहते.

कायदा मात्र तिलाच विचारतो. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, तिथे दोन डॉक्टरांचं मत लागतं. तरीही कागद आधी नवऱ्यापुढे सरकतो.

दुसरी सही सोनोग्राफीची. बाळ मुलगा की मुलगी, हे मला जाणून घ्यायचं नाही, असं तिच्याकडून लिहून घेतात. ही अट १९९४ च्या गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची. त्यात एक शहाणं कलम आहे. गर्भलिंगाची तपासणी झालीच, तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला ती करायला भाग पाडलं, असंच न्यायालय आधी गृहीत धरतं. कायदा करणाऱ्यांना आपली घरं चांगली ठाऊक होती!

मिरज तालुक्यातलं म्हैसाळ आठवा. मार्च २०१७. एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भपात करताना तरुण विवाहिता दगावली, आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. इकडे साताऱ्यात २०११ साली ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, या नावाने वाढलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्या मुलींच्या आयांना, म्हैसाळच्या त्या लेकीला, ‘बाई, तुला काय हवंय?’ असं कुणी एकदा तरी विचारलं होतं का?

म्हैसाळनंतर कायद्याचा धाक वाढला, ते योग्यच. पण त्या धाकापायी कुणी डॉक्टर कायद्यात बसणारा गर्भपातही ‘नको ती भानगड’ म्हणून टाळतो. पुढचं दार लागलं, की बाई मागच्या दाराने जाते. त्या दाराआड काय होतं, ते आपण पाहिलंय.

म्हणून डॉक्टरांना एवढंच सांगणं आहे: पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला. तिला कळेल अशा शब्दांत सांगा, आणि घाई नसेल तर उद्या पुन्हा विचारा. सही तिची असतेच. निर्णयही तिचाच आहे का, हे त्या पाच मिनिटांत कळतं.

आणि सासूबाई, तुम्हीही ऐकत असाल. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही जरा बाहेर बसा’, तर रागावू नका. बाहेरच्या बाकावर निवांत बसा. आत सूनबाई बोलत असेल.